तेरा पाउंडांचा काटा

दुर्गाआत्या विमान बांधते आहे, हे उज्जैनच्या सगळ्या माधव नगरला माहीत होतं, आणि ते उडेल यावर एकाचाही विश्वास नव्हता. "काय गं दुर्गे, लग्नाचं वय गेलं, आता विमानाचं आलं का?" असं नात्यातलं कुणी ना कुणी दर कार्यात विचारायचंच. आत्या चहात बिस्किट बुडवत शांतपणे म्हणायची, "आलं ना. तुमचं तिकीट काढून ठेवू?" मग विचारणाऱ्याला एकदम जेवणाच्या पंगतीची आठवण यायची.

आत्या सकाळी पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप शिकवायची आणि दुपारी तडक भैरवगढ गाठायची. तिथं यासीनचाचांच्या छपाईच्या कारखान्याला लागून तिनं पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली होती. अंगणात चाचांच्या ठसे मारलेल्या चादरी वाळत पडायच्या आणि शेडमध्ये आत्याचं विमान उभं असायचं. दोन माणसांचं, लाल नाकाचं, शेपूट जमिनीला टेकून बसलेलं. इंजिन मात्र त्याचं मोटारीचं. एका छोट्या मोटारीला मागून ट्रकनं ठोकलं, तिचा डबा चपटा झाला, पण पुढचं इंजिन जसंच्या तसं राहिलं, ते आत्यानं उचललं. मोटारीचं इंजिन म्हणजे पाण्यानं थंड होणारं. आणि त्या विमानाचं पाणीखातं होतं ऋताकडे.

ऋता ही आत्याच्या भावाची मुलगी, अकरावीतली. वर्षभरापूर्वीपर्यंत ही पोरगी वर्गात हजेरी द्यायची तीसुद्धा फक्त समोरच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग मेच्या सुट्टीत आत्यानं "चल, जरा पाना धरायला ये" म्हणून तिला शेडमध्ये नेलं. तिथं इंजिन चालू असताना काही सांगायचं म्हणजे ओरडावंच लागायचं. ओरडता ओरडता ऋताच्या लक्षात आलं की आपल्याला चांगला खणखणीत आवाज आहे, आणि तो काढला म्हणून आभाळ कोसळत नाही. झालं! तेव्हापासून ती जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात तर तिनं परीक्षकांनाच बसवून अर्धा तास इंजिनाचं पाणी समजावलं.

"हां हां, म्हणजे कुकरसारखं," परीक्षक म्हणाले होते.

"नाही सर! कुकरची शिट्टी वाजावी म्हणून आपण बसतो. इंजिनाची वाजली तर आपण गेलो!"

तिचं म्हणणं सरळ होतं. उज्जैनला उघडं पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. तेच पाणी घट्ट बंद ठेवून त्याच्यावर तेरा पाउंडांचा दाब बसू दिला, तर ते एकशे पंधराच्या पुढे गेलं तरी गप्प बसतं. रेडिएटरच्या टोपणात एक स्प्रिंग असते, ती हा दाब धरून ठेवते. दाब नसेल तर पाणी लवकर उकळतं, इंजिनाच्या डोक्यात वाफेचे बुडबुडे अडकतात, वाफ काही उष्णता वाहून नेत नाही, आणि मग डोकं तापून वाकतं. वर आकाशात तर हवा विरळ, तिथं उघडं पाणी नव्वदीतच उकळायला लागेल. म्हणजे जितकं उंच जाल तितकी दाबाची गरज जास्त.

म्हणून ऋतानं भंगारातून पितळी कडीचा एक दाबाचा काटा शोधून आणला, घासूनपुसून चकचकीत केला आणि एका बारीक नळीनं पाण्याला जोडला. आत्याच्या समोरच्या पॅनेलवर एकच जागा रिकामी होती, अगदी उजव्या कोपऱ्यातली. ती जागा आपल्या काट्याला मिळावी एवढंच तिचं मागणं होतं.

"तापमानाचा काटा आहे की," आत्या म्हणाली. "अजून दाबाचा कशाला?"

"कारण तापमानाचा काटा पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं बोलतो! पाणी गळून गेलं की तो कोरडा लटकतो आणि सगळं छान चाललंय म्हणून सांगत बसतो. दाब आधी कळतो."

"कळतो म्हणतेस. पण तुझा काटा तर हलतच नाही."

इथंच सगळं अडलं होतं. इंजिन सुरू करावं, पाणी तापावं, तापमान वर चढावं, आणि ऋताचा काटा मात्र शून्यावर. फार तर एखादा पाउंड दाखवायचा आणि परत झोपी जायचा. नोव्हेंबर सगळा यातच गेला.

आत्यानं शेवटी निकाल लावला. "येत्या रविवारी दतान्याच्या हवाई पट्टीवर आपल्याला अकरापर्यंत परवानगी आहे. पंधरा मिनिटं इंजिन पूर्ण जोरात चालवायचं. त्या पंधरा मिनिटांत तुझा काटा शहाण्यासारखा वागला, तर जागा त्याची. नाही तर तिथं मी घड्याळ बसवणार. आणलंय मी."

पूर्ण जोरात चालवायला दतान्यालाच जावं लागणार होतं, कारण भैरवगढला तसं एकदा करून झालं होतं. पंख्याच्या वाऱ्यानं चाचांच्या अकरा चादरी उडून शेजारच्या कडुनिंबावर जाऊन बसल्या होत्या. "बिटिया, सुखाने को बोला था, उड़ाने को नहीं!" असं चाचा नंतर आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

ऋतानं मग कंबर कसली. पंक्चरवाल्याकडून पायानं मारायचा पंप आणला, रेडिएटरचं टोपण काढून त्या जागी पंपाची नळी घट्ट बसवली आणि तेरा पाउंड हवा भरली. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बसली. एक बुडबुडा येईल तर शपथ! तासाभरानंही काटा तेरावरच. म्हणजे काटा चांगला, नळ्या चांगल्या. मग राहिलं काय? टोपण!

ती सायकल हाणत फ्रीगंजला टावर चौकात सुमीतच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेली.

"भैया, रेडिएटर कॅप. तेरा पाउंड."

"कौन सी गाड़ी है?"

"हवाई जहाज."

सुमीतनं तिच्याकडे बघितलं, मग बाहेर लावलेल्या सायकलकडे बघितलं. "दीदी, सुबह से आप पहली ग्राहक हो. मजाक मत करो, मॉडल बताओ."

नवीन टोपण लागलं. काटा तरीही शून्यावर. आता मात्र ऋताचा चेहरा पडला.

"काटाच खराब आहे बेटा, मी बोललो होतो ना," गोपाळ उस्ताद म्हणाले.

गोपाळ उस्ताद म्हणजे इंजिनाचे डॉक्टर. पस्तीस वर्षं बसच्या डेपोत काढलेला माणूस. जन्म उज्जैनचा, मराठी घरची, हिंदी रस्त्यावरची, आणि दोन्ही एकाच वाक्यात. ऋताला पाना कसा धरायचा, नट कितपत कसायचा, सगळं त्यांनीच शिकवलं होतं. इंजिन सुरू करण्याआधी ते रोज पुढे जायचे, टोपणावर उजवा हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मग तो हात छातीला लावायचे. ऋताला हा नमस्कार इतका आवडायचा की तीही त्यांच्या मागोमाग टोपणावर हात ठेवून डोळे मिटायची.

शनिवारी शाळा लवकर सुटली. ऋता शेडमध्ये पोचली तेव्हा आत्या अजून यायची होती आणि उस्ताद इंजिनाशी एकटेच होते. त्यांनी टोपणावर हात ठेवला. आज ऋता त्यांच्या मागे नव्हती, बाजूच्या दारात होती, आणि तिथून तिला त्यांचं मनगट दिसत होतं. मनगट वळलं. डावीकडे. टक्! मग डोळे मिटले, हात छातीला.

"उस्ताद!"

इतकी मोठी हाक की बाहेर यासीनचाचांचा ठसा चादरीवर तिरका पडला.

"अरे, काय झालं?"

"तुम्ही टोपण फिरवलंत!"

"हो मग," उस्ताद अगदी सरळपणे म्हणाले. "एक खाच ढिल्लं सोडतो. रोज सोडतो. नाही तर आतला प्रेशर वाढून पाईप फाटेल ना."

ऋता तिथंच पाण्याच्या डब्यावर बसली. महिनाभर! महिनाभर साबण लावून लावून तिच्या बोटांची सालं निघाली, आणि दाब रोज त्या एका खाचेतून आरामात बाहेर जात होता. आणि तिनं स्वतः त्याच टोपणाला रोज नमस्कार केला होता! तिला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिनं भांडायला घेतलं.

"पण उस्ताद, दाब राहायलाच हवा. त्याच्यासाठीच तर टोपण आहे!"

"पुस्तकात असेल." उस्तादांनी बाही वर सरकवली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी होती. "ही बघ. भेरू घाटात पाईप फाटला होता. खौलतं, उकळतं पाणी. त्या दिवसापासून माझ्या हातून जी गाडी निघाली, तिचं टोपण एक खाच ढिल्लं. एवढ्या वर्षांत एक पाईप फाटला नाही परत."

"आणि पाणी उकळलं नाही?"

"उकळायचं की! ड्रायव्हर टाकायचा ना वरून. देवासला टाकलं, इंदूरला टाकलं, जिथं स्टँड आला तिथं एक बादली."

"मग आत्या कुठल्या स्टँडवर थांबणार?"

उस्तादांनी वर पत्र्याकडे पाहिलं, जणू पत्र्यापलीकडे आकाशात एखादा स्टँड दिसतोय का ते बघत होते.

"ही गोष्ट तू बरोबर बोलली," ते म्हणाले. "पण माझी पण एक ऐक. घट्ट केलं आणि वर पाईप फाटला, तर तो पण वरच फाटेल ना? तिथं दुर्गाताईच्या पायावर कोण पाणी ओतेल, थंड?"

वर्षभरापूर्वीची ऋता असती तर गप्प बसली असती, पण आताची म्हणाली, "मला माहीत नाही. बघू या. तेरा सोडा, दुप्पट दाब देऊ. सव्वीस. जो फाटायचाय तो इथं खाली, थंड असतानाच फाटू दे."

उस्तादांना हे एकदम पटलं. फोडून बघणं त्यांच्या धर्मात बसत होतं. त्यांनी स्वतः पंपावर पाय ठेवला. दहा, पंधरा, अठरा. वीसवर खालच्या बाजूची जाड काळी नळी एका जागी बेडकाच्या गळ्यासारखी फुगायला लागली.

"थांबा, थांबा, थांबा!"

दोघं वाकून त्या फुगवट्याकडे बघत राहिले.

"ही नळी कुठून आणली होती?" ऋतानं विचारलं.

उस्तादांनी घसा साफ केला. "डेपोतूनच. जुन्या बसची. चांगली होती."

"कोणत्या साली?"

"ते आता सोड ना बेटा."

नवीन नळी आणली, उस्तादांनी ती बसवली, ऋतानं तिच्या दोन्ही टोकांवरच्या लोखंडी पट्ट्या स्क्रूनं कसल्या. सव्वीस पाउंडांवर अर्धा तास ठेवली, काही फुगलं नाही. मग टोपण पूर्ण फिरवून घट्ट केलं आणि इंजिन हळू चालवलं. काटा उठला! चार, सात, दहा, तेरा, आणि तिथं एखाद्या हुशार मुलासारखा ताठ उभा राहिला. ऋता शेडभर नाचली.

"थंड झालं की पट्ट्यांना अर्धा अर्धा फेरा अजून दे," उस्ताद म्हणाले. "नवीन रबर गरम झालं की बसतं."

"हो हो!" ऋता म्हणाली. तेवढ्यात आत्या आली आणि उद्याची तयारी सुरू झाली. ट्रॉली, दोर, डिझेलचा टेम्पो, वाळूच्या बादल्या. आत्याला काट्याचं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उद्या बघू." टोपणाबद्दल उस्ताद काही बोलले नाहीत, आणि ऋताही बोलली नाही.

रविवारी सकाळी दतान्याला थंडी चांगली होती. विमानाची चाकं लाकडांनी अडवली, शेपूट जाड दोरानं टेम्पोला बांधलं. आत्या डावीकडे बसली, ऋता उजवीकडे, काटा मांडीवर घेऊन. त्याला पॅनेलवर अजून जागा नव्हती ना! आत्याच्या पिशवीतून ते नवं घड्याळ डोकावत होतं. उस्ताद बाहेर आग विझवायचं नळकांडं घेऊन उभे राहिले, आणि दहाला पाच कमी असताना आत्यानं थ्रॉटल पूर्ण पुढे ढकललं.

केवढा तो आवाज! विमान दोराला ओढ घेऊन थरथरायला लागलं, मागचं गवत आडवं झोपलं. तापमान चौऱ्याण्णव. काटा तेरा. पाच मिनिटं. तेरा. सात मिनिटं. तेरा. ऋताला वाटलं, आता गाणं म्हणावं.

नवव्या मिनिटाला काटा बाराकडे झुकला.

ऋतानं काचेवर टिचकी मारली. बारा. मग अकरा. तिनं पॅनेलकडे पाहिलं. तापमान चौऱ्याण्णव, जराही हललेलं नाही. आत्या तिकडेच बघत होती आणि खुशीत होती. तिनं ऋताला अंगठा दाखवला.

अजून सहा मिनिटं. सहाच मिनिटं गप्प बसलं तर कदाचित अकरावर टिकेल, आणि पंधरा मिनिटं पूर्ण होतील. आत्ता थांबवलं तर अट मोडली. काटा शहाण्यासारखा वागला नाही, असंच होणार. तिला पिशवीतलं घड्याळ दिसलं. काटा दहावर आला.

"आत्या, बंद कर!"

"काय?"

"बंद कर! दाब उतरतोय!"

"तापमान ठीक आहे गं!"

"त्याला अजून कळलेलं नाही! बंद कर!"

आत्यानं क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं आणि थ्रॉटल मागे ओढलं. पंखा फडफडत थांबला. एकदम इतकी शांतता झाली की शेतातली टिटवी ऐकू आली.

उस्तादांनी पुढचं झाकण काढलं. नवीन नळीच्या टोकापासून हिरव्या पाण्याची केसासारखी बारीक धार उडत होती आणि खालचं सगळं ओलं झालं होतं. मोजलं तेव्हा सव्वा लिटर पाणी कमी भरलं.

"पाचातलं सव्वा गेलं," आत्या हळूच म्हणाली. "आणि हे महाशय चौऱ्याण्णवच दाखवत होते." मग ती वळली. "ही पट्टी कोणी कसली?"

"मी," ऋता म्हणाली.

"किती कसली होती?" उस्तादांनी विचारलं.

"तुम्ही सांगितली तेवढीच."

"आणि गरम होऊन थंड झाल्यावर?"

ऋताचे कान लाल झाले. अर्धा फेरा! साफ विसरली होती. नाचण्यात, ट्रॉलीत, दोरात. ज्या काट्यासाठी जीव टाकला, त्यानं पहिली चूक पकडली ती तिचीच.

"विसरले," ती म्हणाली. यावेळी अगदी बाकाला ऐकू जाईल एवढंच.

"काय विसरली? जरा मोठ्यानं बोल, तुला येतं ते," उस्ताद म्हणाले.

"अर्धा फेरा द्यायला विसरले! माझी चूक आहे!"

आत्यानं हाताची घडी घातली. "बरं. आणि हा काटा महिनाभर शून्यावर का बसला होता, ते पण आजच सांगून टाका. कारण काल एका दुपारीत तो बरा झाला, हे मला काही पचलेलं नाही."

ऋता टिटवी शोधायला लागली. उस्तादांनी खाकरून घेतलं.

"ताई, ते माझ्याकडून होतं. टोपण मी ढिल्लं सोडत होतो. रोज. पोरीनं पकडलं, पण सांगितलं नाही तुम्हाला. सांगायला पाहिजे होतं मी."

आत्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती चक्क विमानाच्या पंखाला टेकून हसत सुटली. "एक दाब सोडतो, एक पाणी सोडते! आणि मी या दोघांच्या भरवशावर आकाशात चालले आहे!"

"म्हणूनच तर काटा पाहिजे!" ऋता लगेच म्हणाली.

उस्तादांनी पट्टी परत कसली, ऋतानं बाकीच्या सगळ्या एकेक करून तपासल्या, दोनदा. इंजिन निवेपर्यंत थांबून पाणी भरलं. साडेदहा वाजून गेले होते. दुसऱ्यांदा थ्रॉटल पुढे गेलं तेव्हा आत्या तापमानाकडे नाही, ऋताच्या मांडीकडे बघत होती. पाच मिनिटं, नऊ, अकरा. तेरा पाउंड. नवव्या मिनिटाला ऋतानं श्वास धरला होता तो कधी सोडला तिलाही कळलं नाही. पंधरा मिनिटं झाली, इंजिन बंद झालं आणि उस्तादांनी बाहेरून शिट्टी मारली, तोंडानं.

"चल, झालं," आत्या उतरता उतरता म्हणाली. "कोपऱ्यातली जागा तुझ्या काट्याची."

ऋता उतरली नाही. पॅनेलकडे बघत बसली.

"काय गं? अजून काय हवंय?"

"कोपरा नको."

"म्हणजे?"

"कोपऱ्यात तुला दिसणार नाही. पहिल्या वेळी तू एकदा तरी इकडे बघितलंस का? तू समोर बघत होतीस, तापमानाकडे. तिथं पाहिजे. समोर, मधोमध. तापमान कोपऱ्यात जाऊ दे."

"अगं, पॅनेल कापून झालंय! दोन भोकं नव्यानं पाडावी लागतील."

"पाडीन."

"वाकडी पडली तर?"

"तर पूर्ण पॅनेल नवं करीन. पत्रा टावर चौकात मिळतो, मी बघून ठेवलाय."

आत्यानं मदतीसाठी उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद दोर सोडत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ताई, मला नका विचारू. मी या पोरीशी एकदा भांडून बघितलंय."

"पेन्सिल आहे का कुणाकडे?" आत्यानं विचारलं.

ऋताच्या खिशात होती.